रुंदी चार हात

बोटीची लांबी सव्वीस हात, रुंदी चार.
यांनीच मोजली, कापली, जोडली.
ऑर्डनन्स फॅक्टरीत छत्तीस वर्षं वेल्डिंग केलं या माणसानं,
तिथं काय जोडलं ते घरी कधी बोलले नाहीत,
बोलायचं नसतंच म्हणे.
ही मात्र तलावात सोडली त्या दिवशी
एकेका सांध्यावरून माझं बोट फिरवलं:
"पाह्य, इथून पाणी येत नाही. इथून बी नाही."
आलं, तिसऱ्या रात्री, माझ्या उशीखालून.

मच्छीमार संस्थेनं ठेवून घेतलं आम्हाला,
जाळी चोरायला येतात रात्रीचे, म्हणून.
चोर एकदाच आला.
चहा पिऊन गेला.

सकाळी आधी स्टोव्ह, मग ट्रान्झिस्टर,
मग छपरावरचा सांबार.
पेंटचे पाच डबे, एकात मिरची,
पोह्यांपुरती माझी शेती.
शिंगाड्याचे वेल सारत गोदाबाई पडोळे डोंग्यातून येतात,
आमची खिडकी धरून
तरंगत उभ्या राहतात,
क्रोशाचा टाका विचारायला.
ओली बोटं लावू नका, म्हणते मी,
तर म्हणतात, "काऊन वं, तुही लोकर पाण्याले भिते का?"
त्यांच्या नातवाची टोपी आहे ती, गेल्या हिवाळ्यापासूनची.
डोकं पुढे गेलं, टोपी मागे राहिली.

यांचा नाद विमानांचा.
सोनेगावला उतरणारी आमच्या डोक्यावरून जातात,
पाय बाहेर काढून, बगळ्यासारखी.
वहीत वेळ, दिशा, उशीर.
"साडेआठचं आज नऊ वाजून दहा,"
असं तोंड उतरवून सांगतात
जसं त्यातून आपल्याकडेच कुणी यायचं होतं.
बसायचंय का एकदा, विचारलं मी.
"मंग खालून कोण पाह्यन?"

फॅक्टरीच्या क्वार्टरात दोन खोल्या, मधे दार.
दोनाचे चार हात झाले होते आमचे,
आणि राहिलो चार हात लांब.
शिफ्ट, भाजी, पोरांची फी, शिफ्ट.
इथं पाण्याचं पिंप, भांड्यांची फळी, बाक सोडलं
तर वाट उरते एका माणसाची.
मी पाठ पत्र्याला लावते, हे पोट आत घेतात,
दिवसातून तीस-चाळीस वेळा,
माझ्या हातात कुकर, यांच्या काखेत वही.
"सरक जरा."
"सरकले की."
एवढं तर लग्नाच्या वर्षीही नव्हतं.

मे महिन्यात तलाव उतरतो.
सांडव्याच्या भिंतीवर यांच्या चुन्याच्या रेघा आहेत, तारखेसकट.
पाणी सहावी रेघ सोडून खाली गेलं
की बोट चिखलात बूड टेकते
आणि कलते एका अंगाला,
माझ्या.
स्टोव्हखाली वीट घातली तरी चहा कपात तिरपा.
खिडकीला ओला टॉवेल.
सत्तेचाळीस डिग्री,
तेही वहीत, विमानांच्या शेजारी.
कांदा सोडला की गडगडत माझ्याकडे येतो,
लोकरीचा गुंडा येतो, पेन्सिल येते,
रक्तदाबाच्या गोळ्यांची बाटली सगळ्यांत आधी.

मुलगा फोनवर म्हणतो, आता तरी या पुण्याला,
बाल्कनी आहे, लिफ्ट आहे.
हे म्हणतात, उद्या जॅक लावून सरळ करतो.
जॅक आहे. बाकाखाली, फडक्यात गुंडाळलेला,
दर दिवाळीला तेल पाजलेला.
चार उन्हाळे झाले.

रात्री दिवा मालवला
की टिटवी ओरडते कोरड्या काठावर,
शेवटचं विमान जातं, वहीत न लिहिलेलं,
आणि उतार आपलं काम करतो.
"सरका जरा," मी म्हणते.
"कुठं सरकू वं," म्हणतात,
"तिकडं चढ हाये."